क्रीडांगणावरील अध्यापक : जॉन वुडन यांची खेळाडू व प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

प्रास्ताविक

उत्तम खेळाडू हा उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही, हे शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात अनुभवसिद्ध आहे. जे कौशल्य खेळाडूच्या अंगी सहज असते ते त्याला शब्दांत सांगता येत नाही आणि जे सांगता येत नाही ते शिकविताही येत नाही. या नियमाला अपवाद ठरलेल्या व्यक्तींमध्ये अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन रॉबर्ट वुडन (१९१०-२०१०) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. महाविद्यालयीन खेळाडू म्हणून त्यांची निवड सलग तीन वर्षे अखिल अमेरिकन संघात झाली होती. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत (युसीएलए) २७ हंगाम काम केले आणि त्यांच्या संघाने दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. बास्केटबॉलच्या सन्मानदालनात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी प्रवेश मिळविणारे ते पहिलेच गृहस्थ होत.

तथापि प्रस्तुत लेखाचा विषय अजिंक्यपदे हा नाही. वुडन स्वतःची ओळख प्रशिक्षक म्हणून देण्यापेक्षा शिक्षक म्हणून देणे पसंत करीत. हा केवळ विनय होता, की त्यांच्या कार्यपद्धतीचे ते नेमके वर्णन होते, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे; कारण त्याच्याशी दुसरा एक प्रश्न निगडित आहे. शिक्षकाचे काम निकालावरून मोजावे काय आणि मोजावयाचे झाल्यास किती वर्षांनी मोजावे?

जडणघडण

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियाना राज्यातील हॉल या खेड्यात झाला. घरी शेती होती, वीज नव्हती. धान्याच्या कोठारात टोमॅटोची टोपली खिळ्यांनी ठोकून आणि आईने चिंध्या भरून शिवलेला चेंडू घेऊन त्यांनी खेळास प्रारंभ केला. वडील जोशुआ हे वाचनाची आवड असणारे, मितभाषी गृहस्थ होते. पुढे डुकरांना दिलेली लस सदोष निघाल्याने जनावरे दगावली, कर्ज फिटेना, शेत गेले आणि कुटुंब जवळच्या मार्टिन्सव्हिल गावी आले. या गावच्या शाळेच्या संघाने १९२६, १९२७ व १९२८ या तिन्ही वर्षी राज्य स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. वुडन त्या संघात होते. तीनपैकी एकदाच, १९२७ मध्ये, विजय मिळाला.

पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला तो स्थापत्य अभियांत्रिकीसाठी. या अभ्यासक्रमात उन्हाळी शिबिर अनिवार्य होते आणि उन्हाळ्यात मजुरी केल्याशिवाय शिक्षणाचा खर्च भागणारा नव्हता. म्हणून त्यांनी विषय बदलून इंग्रजी साहित्य घेतले. आर्थिक अडचणीतून झालेली ही निवड त्यांना अखेरपर्यंत पुरली. काव्यवाचन हा त्यांचा नव्वदीनंतरही टिकलेला छंद होता. पर्ड्यूचे प्रशिक्षक वॉर्ड लॅम्बर्ट यांच्या हाताखाली ते वेगवान, जमिनीवर झेप घेण्यास न कचरणारे खेळाडू म्हणून गाजले. शारीरिक क्षमता, मूलभूत कौशल्ये आणि संघभावना या लॅम्बर्ट यांच्या तीन सूत्रांचा प्रभाव वुडन यांच्या पुढील सर्व विचारांवर दिसतो. १९३२ साली पदवी घेताना त्यांना विद्याभ्यास आणि क्रीडा या दोहोंतील प्रावीण्याबद्दल पदक मिळाले. मिळालेल्या सर्व सन्मानांत या पदकाचे मोल ते विशेष मानीत, कारण त्यात अभ्यासाचा वाटा होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा नेली रायली यांच्याशी विवाह झाला. विवाहास काही दिवस उरले असता महामंदीच्या तडाख्यात बँक बुडाली आणि साठविलेले ९०९ डॉलर गेले. व्यावसायिक बास्केटबॉल त्या काळी पोटापुरता नव्हता. आठवड्याच्या अखेरीस ते सामने खेळत (एका व्यावसायिक संघाकडून खेळताना त्यांनी सलग १३४ फ्री थ्रो अचूक टाकल्याची नोंद आहे), परंतु उपजीविकेचे साधन म्हणून त्यांनी शाळेतील नोकरीच पत्करली.

वर्गातून निघालेली व्याख्या

केंटकी राज्यातील डेटन येथील शाळेत वुडन शिक्षक व प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. तेथील पहिल्याच हंगामात त्यांच्या संघाने ६ सामने जिंकले व ११ गमावले. अमेरिकेतील एक नामवंत खेळाडू प्रशिक्षक म्हणून अशी सुरुवात करतो, ही बाब चरित्रकार चटकन ओलांडून जातात. वस्तुतः ती थांबून पाहण्याजोगी आहे. खेळता येणे आणि शिकविता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचा पहिला धडा वुडन यांना येथे मिळाला. दोन वर्षांनंतर ते इंडियानातील साउथ बेंड येथील शाळेत इंग्रजीचे शिक्षक म्हणून गेले आणि १९४३ मध्ये नौदलात भरती होईपर्यंत तेथेच राहिले.

त्यांच्या प्रसिद्ध ‘यशाच्या पिरॅमिड’चा उगम याच वर्षांतील आहे आणि तो क्रीडांगणावर झालेला नसून इंग्रजीच्या वर्गात झालेला आहे. मुलास ‘ब’ किंवा ‘क’ श्रेणी मिळाली की पालक नाराज होत. शेजाऱ्याच्या मुलास तीच श्रेणी मिळाल्यास मात्र ती समाधानकारक मानीत. प्रत्येक विद्यार्थ्याची कुवत सारखी नसताना एकाच मोजपट्टीने सर्वांना मापणे वुडन यांना अन्यायकारक वाटले. १९३४ साली त्यांनी यशाची स्वतःची व्याख्या लिहून काढली. तिचा आशय असा की, आपल्या कुवतीनुसार अधिकाधिक चांगले होण्यासाठी आपण सर्व शक्तीनिशी प्रयत्न केला, या जाणिवेतून लाभणारे मनःस्वास्थ्य म्हणजे यश. या व्याख्येस दृश्य रूप देण्यासाठी त्यांनी पंधरा गुणांचा पिरॅमिड रचावयास घेतला. त्याच्या पायाच्या दोन कोपऱ्यांत परिश्रम आणि उत्साह आहेत. ही रचना पूर्ण होण्यास चौदा वर्षे लागली.

आज हा पिरॅमिड भिंतीवर लावण्याच्या तक्त्यांवर आणि व्यवस्थापनाच्या कार्यशाळांत आढळतो. तेथे तो काहीसा बाळबोध वाटतो आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु त्याचा जन्म गुणपत्रिकेच्या प्रश्नातून झाला, हे ध्यानी घेतले की त्याचे स्वरूप बदलते. एका शाळाशिक्षकाने मूल्यमापनाविषयी घेतलेला तो आक्षेप होता.

एका खेळाडूसाठी

युद्धानंतर १९४६ मध्ये वुडन इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेज या शिक्षक-महाविद्यालयात आले. १९४७ साली त्यांच्या संघास कॅन्सस सिटी येथील राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे निमंत्रण मिळाले. स्पर्धेच्या नियमानुसार कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. वॉकर हा मुख्य पाच खेळाडूंपैकी नव्हता. त्याला वगळून संघ नेता आला असता. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढील वर्षी नियम बदलण्यात आला, संघ गेला आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात लुईव्हिलकडून पराभव झाला. वुडन यांनी या प्रसंगाचा फारसा गाजावाजा केला नाही; त्यांच्या पुढील कीर्तीच्या झोतात तो बराच काळ मागेच राहिला.

पंधरा हंगाम

१९४८ साली दोन विद्यापीठे त्यांच्या नियुक्तीस उत्सुक होती. वुडन यांचा ओढा आपल्या परिसरातील मिनेसोटाकडे होता. ठरलेल्या संध्याकाळी बर्फाच्या वादळामुळे मिनेसोटाच्या दूरध्वनीच्या तारा तुटल्या. तो नकार समजून त्यांनी युसीएलएला होकार दिला. नंतर मिनेसोटाचा निरोप पोहोचला तेव्हा दिलेला शब्द मागे घेण्यास ते तयार झाले नाहीत. दोन वर्षांनी पर्ड्यूने, म्हणजे त्यांच्या मातृसंस्थेनेच, अधिक चांगल्या अटींवर बोलावले. तेव्हा युसीएलएने त्यांना आठवण करून दिली की तीन वर्षांच्या कराराचा आग्रह त्यांचाच होता. ते थांबले.

थांबून काय मिळाले? जुनी व्यायामशाळा, जेथे एकाच वेळी कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सचाही सराव चाले आणि जेथील कोंदट हवेवरून विद्यार्थ्यांनी तिला चेष्टेचे नाव ठेवले होते. सरावापूर्वी फरशी पुसण्याचे काम वुडन स्वतः साहाय्यकांसह करीत. १९५५ नंतर आगीच्या धोक्यामुळे तेथे मोठे सामने भरविण्यास मनाई झाली आणि संघ ‘स्वतःचे’ सामने शहरातील परक्या मैदानांवर खेळू लागला. काही वर्षांत मिळेल असे सांगितलेले नवे क्रीडागृह प्रत्यक्षात १९६५ मध्ये उभे राहिले. साधनसामग्रीच्या अभावाची कारणमीमांसा करण्यात आपण अध्यापक पुष्कळदा बराच वेळ घालवितो. वुडन यांनीही पुढे प्रामाणिकपणे मान्य केले की, या परिस्थितीत राष्ट्रीय अजिंक्यपद शक्य नाही अशी समजूत आपण स्वतःच करून घेतली होती.

आदल्या वर्षी १२ विजय व १३ पराभव नोंदविणाऱ्या संघाने वुडन यांच्या पहिल्याच हंगामात २२ सामने जिंकले आणि केवळ ७ गमावले, ही गोष्ट खरी. तरी राष्ट्रीय अजिंक्यपद पहिल्या पंधरा हंगामांत एकदाही मिळाले नाही. १९५९-६०चा हंगाम तर १४ विजय व १२ पराभव असा जेमतेम गेला. आजच्या अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाव्यवस्थेत असा प्रशिक्षक पदावर राहिला असता काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. आपल्याकडे दर पाच-सात वर्षांनी येणारी मूल्यांकन समिती तरी त्यास काय शेरा देती?

याच काळातील त्यांचे वर्तन अभ्यासनीय आहे. प्रत्येक सरावसत्राची मिनिटवार आखणी ते लिहून ठेवीत आणि सत्रानंतर काय साधले, काय राहिले याची नोंद करीत. या वह्या वर्षानुवर्षे जपलेल्या होत्या. शाळेत पाठ घेणाऱ्या शिक्षकाची टाचणवही आणि वुडन यांची सराववही यांत तत्त्वतः फरक नाही; फरक इतकाच की आपल्याकडील टाचण बहुधा तपासणीसाठी लिहिले जाते. दर वर्षी हंगाम संपल्यावर ते एकच विषय, उदाहरणार्थ फ्री थ्रो, निवडून त्यावरील उपलब्ध साहित्य वाचीत, अन्य प्रशिक्षकांना प्रश्न विचारीत आणि आपली पद्धत दुरुस्त करीत. १९६०च्या सुमारास जुन्या वह्या चाळताना, आपण खेळाडूंना इतके राबवितो की ऐन स्पर्धेच्या वेळी ते थकलेले असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर त्यांनी प्रामुख्याने सात-आठ खेळाडूंवर लक्ष केंद्रित केले. १९६२ मध्ये संघ प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत पोहोचला आणि उपांत्य फेरीत सिनसिनाटीकडून ७०-७२ असा हरला. साहाय्यक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांनी संपूर्ण मैदानावर प्रतिपक्षास जखडून ठेवणारी ‘झोन प्रेस’ ही व्यूहरचना अंगीकारण्याचा आग्रह धरला आणि वुडन यांनी तो मानला. १९६३-६४ या सोळाव्या हंगामात संघाने तीसच्या तीस सामने जिंकले. त्या संघातील मुख्य खेळाडूंपैकी एकाचीही उंची सहा फूट पाच इंचांहून अधिक नव्हती.

त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून तो थोडक्यात पुरे. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, त्यांपैकी १९६७ ते १९७३ अशी सलग सात. चार अपराजित हंगाम. १९७१ ते १९७४ या काळात लागोपाठ ८८ विजय. ल्यू अलसिंडॉर (पुढे करीम अब्दुल-जब्बार) आणि बिल वॉल्टन हे दोन असामान्य उंचीचे व प्रतिभेचे खेळाडू त्यांना या काळात लाभले. या प्रतिभेचा यशात वाटा किती आणि वुडन यांचा किती, हा वाद मिटणारा नाही. मात्र पहिली दोन अजिंक्यपदे अलसिंडॉर मुख्य संघात येण्यापूर्वीची आहेत.

शिकविण्याची रीत

हंगामाच्या पहिल्या दिवशी वुडन खेळाडूंना पायमोजे घालावयास शिकवीत. मोजा टाचेवर व बोटांवर हाताने सारखा करावा, सुरकुती राहू देऊ नये, बुटाच्या नाड्या प्रत्येक छिद्रापासून घट्ट ओढाव्यात. देशातील निवडक खेळाडू हे ऐकून चकित होत. त्यामागील तर्क साधा होता : सुरकुतीने फोड येतो, फोड आला की सराव चुकतो, सराव चुकला की खेळ बिघडतो. कौशल्याचे लहानात लहान घटक करून प्रत्येक घटक आधी समजावून सांगणे, मग करून दाखविणे, विद्यार्थ्याकडून करवून घेणे, चूक दुरुस्त करणे आणि सवय जडेपर्यंत पुनरावृत्ती करणे, असा त्यांचा क्रम असे.

या पद्धतीची शास्त्रीय नोंद झाली ती त्यांच्या अखेरच्या, १९७४-७५च्या हंगामात. रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्या वेळी हवाईतील मुलांच्या वाचनशिक्षणाच्या प्रकल्पात गुंतलेले होते. उत्तम शिक्षक प्रत्यक्षात काय करतो हे पाहण्यासाठी त्यांनी वर्गाऐवजी क्रीडांगण निवडले आणि वुडन यांच्या पंधरा सरावसत्रांचे निरीक्षण केले. २,३२६ अध्यापनकृती नोंदविण्यात आल्या. निरीक्षकांची अपेक्षा स्फूर्तिदायक भाषणांची, प्रशंसेची वा रागावण्याची होती. प्रत्यक्षात निम्म्याहून किंचित अधिक कृती निव्वळ माहितीपर सूचनांच्या होत्या : काय करावे, कसे करावे. प्रशंसा सुमारे सात टक्के आणि निव्वळ रागावणेही जवळजवळ तेवढेच. बोलणे क्वचितच वीस सेकंदांहून लांबे. चूक दिसताच ते योग्य कृती करून दाखवीत, मग खेळाडूने केलेली चुकीची कृती करून दाखवीत आणि लगेच पुन्हा योग्य कृती. शिवाय चुकीबद्दल ताकीद देऊन त्याच श्वासात योग्य रीत सांगणे हा प्रकार इतका आढळला की त्यासाठी निरीक्षकांना स्वतंत्र वर्ग तयार करावा लागला.

हा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशंसेनेच विद्यार्थी शिकतो या तत्कालीन वर्तनवादी धारणेस त्याने छेद दिला. पुढे २००४ मध्ये त्याच संशोधकांनी आपल्या निष्कर्षांचा फेरविचार केला. पहिल्या वेळी जे मैदानावर दिसले तेवढेच आपण मोजले, असे त्यांच्या ध्यानात आले. ते वीस सेकंदांचे वाक्य उत्स्फूर्त नसे. कोणत्या खेळाडूस काय सांगावयाचे याचा विचार सकाळच्या नियोजनात झालेला असे. दोन तासांच्या सरावासाठी वुडन व त्यांचे साहाय्यक सकाळचे जवळजवळ दोन तास खर्च करीत.

राखीव खेळाडूंकडे त्यांचे लक्ष कसे असे, याचे उदाहरण स्वेन नेटर यांचे आहे. वॉल्टन संघात असल्याने नेटर यांना युसीएलएकडून एकाही सामन्याची सुरुवात करण्याची संधी मिळाली नाही. सरावात रोज वॉल्टनशी झुंजणे हेच त्यांचे काम. तरीही १९७३ मध्ये व्यावसायिक संघाने त्यांची पहिल्याच फेरीत निवड केली. याच नेटर यांनी पुढे गॅलिमोर यांच्यासमवेत वुडन यांच्या अध्यापनपद्धतीवर ग्रंथ लिहिला.

चित्राची दुसरी बाजू

वुडन यांचे चरित्र सांगताना ते संतचरित्र होण्याचा धोका असतो. मैदानाबाहेर शालीन असणारे वुडन सामन्याच्या वेळी मुठीत कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी धरून पंचांना आणि प्रसंगी प्रतिस्पर्धी खेळाडूंनाही टोचून बोलत, हे समकालीनांनी नोंदविले आहे. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते. सुट्टीनंतर केस वाढवून आलेल्या वॉल्टनने केस ठेवण्याचा आपला हक्क सांगितला, तेव्हा वुडन यांनी तो हक्क मान्य केला. मात्र संघाला तुझी उणीव भासेल, एवढेच सांगितले. वॉल्टन सायकलवरून थेट केस कापावयास गेला. हा किस्सा आवडीने सांगितला जातो. प्रशिक्षकाच्या अधिकाराची मर्यादा कोठे संपते, हा त्यातील प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत १९७२ मध्ये वॉल्टनला अटक झाली, तरी तो संघात राहिला, हेही त्याबरोबर सांगावयास हवे.

अधिक गंभीर आक्षेप सॅम गिल्बर्ट या धनिक बांधकाम व्यावसायिकाविषयीचा आहे. खेळाडूंना नियमबाह्य लाभ मिळवून देण्यात त्याचा हात असल्याचे उघड झाले आणि १९८१ मध्ये युसीएलएवर राष्ट्रीय संघटनेने कारवाई केली. ती कारवाई नंतरच्या काळातील घटनांबद्दल होती आणि वुडन यांच्यावर व्यक्तिशः ठपका आला नाही. परंतु गिल्बर्टचा खेळाडूंमधील वावर वुडन यांच्या काळापासून होता. सुरकुतलेला मोजा ज्यांच्या नजरेतून सुटत नसे त्यांना हे दिसले नसेल काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्या चाहत्यांनाही देता आलेले नाही.

निवृत्तीनंतर

२९ मार्च १९७५ रोजी लुईव्हिलविरुद्धचा उपांत्य सामना जादा वेळेत ७५-७४ असा जिंकल्यावर वुडन यांनी खेळाडूंना आपल्या निवृत्तीचा निर्णय सांगितला. प्रतिपक्षाचे प्रशिक्षक डेनी क्रम हे त्यांचेच जुने खेळाडू व साहाय्यक होते. दोन दिवसांनी केंटकीवर ९२-८५ असा विजय मिळवून त्यांनी कारकिर्दीची सांगता केली. त्यांच्याच सांगण्यानुसार त्यांचे वार्षिक वेतन कधीही ३५,००० डॉलरांच्या वर गेले नाही. त्यांच्या जागी आलेल्या जीन बार्टो यांनी दोन हंगामांत ५२ सामने जिंकले, केवळ ९ गमावले आणि तुलनेच्या ओझ्याखाली पद सोडले. विद्यापीठास पुढचे अजिंक्यपद मिळण्यास १९९५ साल उजाडले.

वुडन त्यानंतर पस्तीस वर्षे लॉस एंजेलिसमधील एका लहानशा सदनिकेत राहिले. जुने खेळाडू तेथे येत. विद्यार्थिदशेत त्यांच्याशी वाद घालणारा वॉल्टन त्यांत नेहमी असे. अब्दुल-जब्बार यांनी या पन्नास वर्षांच्या स्नेहावर २०१७ मध्ये स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. पत्नी नेली यांचे २१ मार्च १९८५ रोजी निधन झाले. तेव्हापासून दर महिन्याच्या २१ तारखेस वुडन त्यांना पत्र लिहीत आणि ते उशीवरील गठ्ठ्यात ठेवीत. २००३ मध्ये युसीएलएच्या क्रीडागृहातील मैदानास त्यांचे नाव देण्याचे ठरले, तेव्हा पत्नीचे नाव आपल्या नावाआधी असावे असे त्यांनी सुचविले. ४ जून २०१० रोजी, वयाच्या ९९व्या वर्षी, त्यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले. मैदानावर आजही ‘नेल अँड जॉन वुडन कोर्ट’ अशी अक्षरे आहेत.